सुरूला सुया आहेत, शंकू आहेत, मग तो पाइन का नाही?

आक्षी-नागावच्या किनाऱ्यावरचा सुरू पाहून तुम्हाला हा प्रश्न पडला, यात नवल नाही. कॉलेजात जाईपर्यंत मीही त्याला पाइनच समजत होतो. पण सुरू हे फुलझाड आहे, आणि नात्याने तो पाइनपेक्षा ओक-अक्रोडाच्या कितीतरी जवळचा.

पुढच्या वेळी सुरूची एक हिरवी 'सुई' दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा. ती सांध्यात निखळते आणि तिथे बारीक दातांचं कडं दिसतं. हे दात म्हणजे सुरूची पानं, एका सांध्यावर साधारण सहा ते आठ. सुई म्हणून आपण जी पाहतो ती खरं तर डहाळी, आणि झाडाचं अन्न तीच बनवते. याउलट रानीखेतला चिडाच्या, म्हणजे हिमालयातल्या एका पाइनच्या, झाडाखाली बसून मी सुया उचलल्या, तेव्हा वीतभर लांबीच्या तीन-तीन सुया बुडाशी एकत्र बांधलेल्या होत्या. चिडाची सुई हे खरंखुरं पान. तिला सांधे नसतात.

शंकूचंही तसंच. चिडाच्या शंकूत प्रत्येक खवल्यावर दोन बिया उघड्यावर वाढतात, त्यांच्याभोवती फळाचं आवरण नसतं. सुरूला आधी इवलीशी लालसर मादी फुलं येतात, ती फांदीवर गोंड्यासारखी दिसतात. मग त्या गोंड्याचा बोराएवढा खडबडीत बोंडा होतो. तो वाळला की त्यावर जोडीजोडीने ओठ उघडतात आणि प्रत्येक जोडीतून एक पंखवालं फळ बाहेर पडतं. बी त्या फळाच्या आत असते. वनस्पतिशास्त्रात दोघांना वेगळं करणारी रेघ हीच: बी झाकलेली की उघडी.

मग इतकं साम्य कुठून आलं? दोघांचेही पराग वारा वाहून नेतो, म्हणून भडक पाकळ्यांची गरज नाही. आणि पाणी टिकेना अशा जमिनीत रुंद पान परवडत नाही.

सुरूची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र जमिनीखाली आहे. त्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. म्हणून तर नुसत्या वाळूत तो एवढा उंच होतो. चिडाकडे ही सोय नाही, त्याच्या मुळांना बुरशीची साथ असते. चीक पाहाल तर तो चिडाचा: साल खरवडली की राळ पाझरते, तिच्यापासून टर्पेंटाइन काढतात. सुरूला तशी राळ नाही.