रिकाम्या रकान्यांचं काय करायचं?

प्रश्न : माझ्या अभ्यासात २०० जण आहेत, त्यातल्या ५० जणांचा रक्तदाब नोंदवायचा राहिला. गाईड म्हणतात, उरलेल्यांची सरासरी त्या रकान्यांत टाक आणि पुढे चल. चालेल का?

नाही चालणार. सरासरी जागची हलत नाही, म्हणून हा उपाय निरुपद्रवी वाटतो. बिघाड होतो तो पसाऱ्यात. मोजलेल्या १५० जणांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप, १२ आहे असं धरा. भरलेले ५० आकडे नेमके सरासरीवर बसतात, म्हणजे विचलनात त्यांची भर शून्य. भागाकार मात्र १४९ ऐवजी १९९ ने होतो आणि १२ चे १०.४ होतात. पुढे प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता, काढताना पुन्हा २०० च्या वर्गमुळाने भागलं जातं. खरी त्रुटी ०.९८ असायला हवी, ती ०.७३ दिसते. न मोजलेल्या माणसांच्या जोरावर पाव हिस्सा अनिश्चितता गायब! शिवाय वजन आणि रक्तदाब यांचा सहसंबंधही पातळ होतो, कारण त्या ५० जणांचं वजन काहीही असलं तरी रक्तदाब एकच. भरल्यानंतरचा हिस्टोग्राम काढून गाईडना दाखवा. मधोमध उभा राहिलेला खांब बघितला की वाद घालावा लागत नाही.

प्रश्न : मग रिकामे रकाने असलेल्या ओळीच काढून टाकल्या तर? सॉफ्टवेअर तर तेच करतं.

करतं, आणि फारसा गाजावाजा न करता करतं. दहा चल, म्हणजे वय-वजनासारख्या नोंदलेल्या गोष्टी, आहेत, प्रत्येकात फक्त ५ टक्के माहिती गहाळ आहे आणि ती एकमेकांशी संबंध नसलेल्या जागी गहाळ आहे असं समजा. ०.९५ चा दहावा घात ०.६०. म्हणजे ४० टक्के माणसं बाद, तीही बहुतेक जण एकेका रकान्यापायी. प्रत्येक तक्त्याखालचा एन, म्हणजे विश्लेषणात उरलेल्या माणसांची संख्या, बघायची सवय लावा. पहिल्या मॉडेलमध्ये ४८० आणि तिसऱ्यात ३१० असेल तर त्या दोन निष्कर्षांची तुलनाच होऊ शकत नाही.

तरी ओळी काढणं नेहमीच चूक, असं मात्र नाही. रिग्रेशनमध्ये (इतर चलांवरून एका चलाचा अंदाज बांधताना) ओळ अपुरी राहण्याचा परिणाम-चलाशी, म्हणजे ज्याचा अंदाज बांधायचा त्या चलाशी, काही संबंध नसेल, तो फक्त मॉडेलमधल्या इतर चलांवर अवलंबून असेल, तर सहगुणक, म्हणजे प्रत्येक चलाचा परिणाम किती हे सांगणारे आकडे, बरोबर येतात. नमुना लहान झाल्याचा तोटा तेवढा सोसावा लागतो. दोन-तीन टक्केच ओळी जात असतील तर सहसा फार डोकं शिणवू नये.

प्रश्न : माहिती योगायोगाने गहाळ आहे का हे तपासणाऱ्या लिटल यांच्या चाचणीत पी ०.३० आला. माहिती निव्वळ योगायोगाने गहाळ आहे हे सिद्ध झालं ना?

सिद्ध काहीच झालं नाही. पी मोठा आला याचा अर्थ विरुद्ध पुरावा सापडला नाही, एवढाच. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये केलेली गहाळ माहितीची तीन प्रकारांतली विभागणी इथे लागते. वजनकाट्याची बॅटरी मधेच संपली आणि काही जणांचं वजन राहिलं, हा निव्वळ योगायोग. वयस्कर लोक शेवटच्या भेटीला कमी आले, पण वय आपल्याकडे नोंदलेलं आहे आणि एका वयाच्या लोकांमध्ये न येण्याचा मोजायच्या आकड्याशी संबंध नाही, हा दुसरा प्रकार. याला ‘मिसिंग अ‍ॅट रँडम’ म्हणतात. नाव ऐकून निम्मी माणसं त्याला पहिलाच प्रकार समजतात, आणि दोष नावाचाच आहे. तिसऱ्या प्रकारात, ज्यांचं नैराश्य वाढलं त्यांनीच नैराश्याची प्रश्नावली कोरी ठेवली, म्हणजे गहाळ होण्याचं कारण गहाळ आकड्यातच दडलेलं.

लिटल यांची १९८८ ची चाचणी फक्त पहिल्या प्रकाराविरुद्ध पुरावा शोधते. नमुना लहान असेल तर पुरावा असूनही तिला दिसत नाही. दुसरा आणि तिसरा प्रकार वेगळे ओळखणं तर कुठल्याच चाचणीला हातातल्या आकड्यांवरून जमणार नाही, कारण लागणारा आकडाच जागेवर नाही. त्यापेक्षा हे करा : गहाळ असेल तिथे १, नसेल तिथे ० असा नवा चल बनवा आणि वय, लिंग, पहिल्या भेटीचे आकडे घेऊन त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही स्वरूपाच्या चलासाठीचं रिग्रेशन) चालवा. मग माहिती गोळा करणाऱ्यांना विचारा, रकाना कोरा का राहिला. बरेचदा उत्तर तिथेच मिळतं.

प्रश्न : माझ्या फाईलमध्ये कोऱ्या जागी ९९९ घातलं आहे. काही बिघडेल?

सॉफ्टवेअरला तो गहाळ माहितीचा संकेत आहे हे सांगितलं नाही, तर ते वय ९९९ वर्षं धरून सरासरी काढेल. विश्लेषणाआधी प्रत्येक चलाची किमान-कमाल मूल्यं बघा. आणि ‘उत्तर दिलं नाही’ व ‘लागू नाही’ यांना वेगवेगळे संकेत द्या. धूम्रपान न करणाऱ्याचा ‘रोज किती सिगारेटी’ हा रकाना गहाळ नसतो. तिथे शून्य येतं.

प्रश्न : मल्टिपल इम्प्युटेशन करायचं ठरवलं आहे. किती वेळा भरायचं, कोणते चल घ्यायचे, आणि शेवटी कोणती फाईल वापरायची?

या पद्धतीत कोऱ्या जागा इतर चलांवरून अंदाजाने अनेकदा, दर वेळी थोड्या वेगळ्या आकड्यांनी भरतात, आणि दर वेळची एक पूर्ण फाईल तयार होते. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक घोळ तिथेच होतो. एकच फाईल निवडायची नाही आणि सगळ्या फायलींची सरासरी काढून एक फाईलही बनवायची नाही. प्रत्येक फाईलवर पूर्ण विश्लेषण करायचं आणि उत्तरं एकत्र करायची. समजा पाच फायलींमधून सहगुणक आले २.१, २.५, १.९, २.४, २.६, आणि प्रत्येकाची प्रमाण त्रुटी ०.५. सहगुणकांची सरासरी २.३. फायलींच्या आतलं विचरण (पसाऱ्याचं वर्गातलं माप) ०.५ चा वर्ग, ०.२५. फायली-फायलींमधलं विचरण ०.०८५, त्याला १ अधिक एक-पंचमांश, म्हणजे १.२ ने गुणून येतं ०.१०२. बेरीज ०.३५२, वर्गमूळ ०.५९. एकाच फाईलवर थांबला असतात तर ०.५ लिहिलं असतं. मधला फरक म्हणजे न मोजल्याची किंमत, आणि ही पद्धत आहेच ती किंमत दाखवण्यासाठी.

किती वेळा? आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं, हेच काम करणारं माइस पॅकेज आपणहून पाच फायली करतं. शिकायला ठीक. प्रबंधासाठी, जितके टक्के ओळी अपुऱ्या तितक्या फायली हा ढोबळ नियम पाळा : ३० टक्के अपुऱ्या असतील तर ३०. सुरुवातीचा सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात ती संख्या) लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी आकडे थोडे वेगळे येतील.

चल निवडताना लोक परिणाम-चल मुद्दाम वगळतात, ‘उत्तर पाहून भरल्यासारखं होईल’ म्हणून. उलट आहे. तो वगळला तर भरलेल्या आकड्यांचा परिणामाशी काही संबंधच उरत नाही आणि सहगुणक शून्याकडे ओढला जातो. अंतिम मॉडेलमधला प्रत्येक चल घ्या, परस्परक्रियेची (दोन चलांचा एकत्रित परिणाम दाखवणारी) पदंसुद्धा. शिवाय गहाळ होण्याशी संबंध दिसलेले इतर चलही. उत्पन्नासारख्या एका बाजूला झुकलेल्या चलासाठी प्रेडिक्टिव्ह मीन मॅचिंग वापरा : ते अंदाजाने जवळच्या अशा काही खऱ्या व्यक्ती शोधतं आणि त्यांतल्या एकीचा मोजलेला आकडा उचलतं, त्यामुळे उत्पन्न उणे येत नाही. हो-नाही स्वरूपाच्या चलाला लॉजिस्टिक पद्धत लावा, ०.३७ आलं म्हणून गोळाबेरीज करून ० करू नका. शेवटी ट्रेस प्लॉट बघा, म्हणजे भरलेल्या आकड्यांची सरासरी भरण्याच्या फेरीगणिक कशी बदलते त्याचा आलेख, प्रत्येक फाईलची एक रेषा. रेषा एकमेकींत गुंतलेल्या हव्यात. वर किंवा खाली सरकत असतील तर फेऱ्या पाचावरून वीस करा.

प्रश्न : उपचारांच्या चाचणीतून मधेच बाहेर पडलेल्यांचं शेवटचं मोजमाप पुढे ओढणं मान्य आहे का?

मुख्य विश्लेषण म्हणून टाळा. माणूस बाहेर पडल्या दिवशी त्याची प्रकृती गोठली, हे गृहीतक क्वचितच खरं असतं. एकाच व्यक्तीची अनेक मोजमापं असतील तर मिश्र मॉडेल (एका व्यक्तीची मोजमापं एकमेकांशी जोडलेली धरणारं रिग्रेशन) हाती आहेत ती सगळी मोजमापं वापरतं. परिणाम-चल दुसऱ्या प्रकाराने (‘मिसिंग अ‍ॅट रँडम’) गहाळ असेल तर आधी भरण्याची गरजही पडत नाही.

प्रश्न : परीक्षकांनी विचारलं, ‘तिसरा प्रकार असेल, म्हणजे गहाळ होण्याचं कारण गहाळ आकड्यातच असेल तर?’ काय उत्तर देऊ?

आकड्यांनीच द्या. उपचार गटातले भरलेले आकडे मुद्दाम वाईट करा : प्रत्येकात २ गुण, मग ४, मग ६, आणि दर वेळी विश्लेषण पुन्हा चालवा. निष्कर्ष कुठे उलटतो ते टिपा. १ गुणातच उलटला तर निष्कर्ष कच्चा. १५ गुणांपर्यंत टिकला आणि विषयातले जाणकार म्हणाले की बाहेर पडलेले इतके वाईट असणं शक्यच नाही, तर तोच आकडा परीक्षकांपुढे ठेवा.