कोरा कागद समोर आला की काहीच सुचत नाही. प्रॉम्प्ट, म्हणजे लिहायला सुरुवात करून देणारा एखादा विषय, घेऊन लिहिल्याने खरंच फायदा होतो का?

होतो, पण प्रॉम्प्ट नेमका हवा. 'पाऊस' किंवा 'आठवणी' असा ऐसपैस विषय घेतलात तर पुन्हा तिथेच अडकाल. त्यापेक्षा 'फडताळात सगळ्यात मागे पडलेली वस्तू' घ्या. मी हाच घेतला होता, तर आजीचा पितळी अडकित्ता निघाला, मुठीवर वाळलेल्या चुन्याचा डाग असलेला. पहिल्या तीन ओळी नुसतं त्याचं वर्णन. चौथीला आजी ओसरीवर सुपारी कातरत शेजारणीशी काय बोलायची ते आपसूक आलं आणि अडकित्ता मागेच राहिला. राहू द्यावा, विषय धरून ठेवायची सक्ती नसते.

दहा मिनिटांचा गजर लावा, हाताने लिहा, खाडाखोड नको. शुद्धलेखन नंतर बघता येतं.

दुसऱ्याने दिलेल्या विषयावर लिहिणं म्हणजे शाळेतला निबंध, असं काहीजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. आपल्याकडे समस्यापूर्ती किती जुनी आहे! एक चरण दिला जायचा आणि कवीने त्यावरून श्लोक पुरा करायचा. वात्स्यायनाने सांगितलेल्या 64 कलांमध्येही ती आहे.