चरित्र म्हणजे पाय

अमळनेरहून एका वाचकाने विचारलंय: "आम्ही पाच मित्र दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून भूमिका वठवायचा खेळ मराठीत खेळतो. प्रत्येकाने आपल्या कॅरेक्टरची बॅकस्टोरी, म्हणजे खेळाआधीची त्याची गोष्ट, लिहून आणायची असते. मी तिला 'पार्श्वभूमी' म्हणतो, मित्र 'चरित्राचा इतिहास' म्हणतो. बरोबर कोण?"

दोघेही चुकताय.

'पार्श्वभूमी' आधी उरकतो. शब्द चांगला आहे, पण तुमच्या खेळात त्याची जागा आधीच भरलेली आहे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत 'बॅकग्राउंड' असा वेगळा रकाना आहे. सैनिक, संन्यासी, गुन्हेगार, विद्वान यांतलं काहीतरी निवडायचं आणि त्याची कौशल्यं पदरात पाडून घ्यायची. ती झाली पार्श्वभूमी. त्या सैनिकाने रणातून पळ का काढला आणि गावात तोंड का दाखवत नाही, ही बॅकस्टोरी. दोन्हींना एकच शब्द लावलात तर खेळ मांडतानाच घोळ होणार.

आता 'चरित्र'. मध्यंतरी भुसावळला बहिणीकडे गेलो होतो. ओट्यावर भाचा आणि त्याचे तीन मित्र हाच खेळ मांडून बसलेले. फासे घरंगळून गटारात जाऊ नयेत म्हणून मध्ये पितळी परात ठेवली होती. वीस बाजूंचा फासा परातीत खणखणला, एकचा आकडा पडला, आणि एक पोरगा कळवळून ओरडला, "मन्हं चरित्र मरी गयं!" अहिराणी अस्सल, आणि तिच्या मधोमध हिंदी डबिंगमधून आलेला हा शब्द. हिंदीत चरित्र म्हणजे स्वभावही आणि गोष्टीतला माणूसही. मराठीत तसं नाही. चरित्र म्हणजे जीवनकथा, शील म्हणायचं असेल तर चारित्र्य, आणि नाटकातला किंवा खेळातला माणूस म्हणजे पात्र. तीन कामांना तीन शब्द हाताशी असताना एकालाच का राबवायचं?

माझा जीव या शब्दावर जडलाय त्याचं कारण वेगळंच आहे. चरित्राचा सर्वांत जुना अर्थ आहे पाय. होय, चालायचा पाय! 'चर्' म्हणजे चालणे, त्याला लागलेला 'इत्र' हा साधन दाखवणारा प्रत्यय. खणायचं साधन खनित्र, कापायचं साधन लवित्र म्हणजे विळा, नाव वल्हवायचं साधन अरित्र. पूजेला बसताना बोटात दर्भाची अंगठी घालतात ते पवित्रही याच घरातलं, शुद्ध करायचं साधन. पाणिनीने ३.२.१८४ या सूत्रात जे धातू मोजून दिलेत त्यांत 'चर' आहेच. मग चालायचं साधन कोणतं? चरित्र. 'चरण' त्याचाच भाऊ.

आणि ऋग्वेदात हा शब्द येतो तो कुठे? इतर जागांबरोबर पहिल्या मंडलातल्या ११६व्या सूक्ताच्या १५व्या ऋचेत. रात्रीच्या झुंजीत विश्पलेचं 'चरित्र' पक्ष्याचा पंख तुटावा तसं तुटलं आणि अश्विनीकुमारांनी तिला तत्काळ धातूचा पाय बसवला, पुन्हा धावता यावं म्हणून. सायणाचार्य चौदाव्या शतकात भाष्य करताना सांगतात, खेल नावाचा राजा, अगस्त्य त्याचा पुरोहित, विश्पला त्या राजाच्या नात्यातली स्त्री, युद्धात शत्रूंनी तिचा पाय तोडला. बस्स, एवढंच. मला विचाराल तर उत्तम बॅकस्टोरी ती हीच. एक राजा, एक रात्र, एक जखम, एक उसना पाय. शत्रू कोण, ते सांगितलेलं नाही. पुढे हात घालायला जागा शिल्लक आहे.

जर्मन पंडित पिशेल यांनी मात्र विश्पलेला शर्यतीतली घोडी ठरवलं. का, तर ऋचेत पैजेच्या धनाची भाषा आहे. मला हे अजिबात मान्य नाही. वेदात लढाईलाही पैजेचीच भाषा लागते, मग प्रत्येक लढवय्याला घोडा करणार का? सायणाचार्यांनी स्वच्छ 'स्त्री' म्हटलंय. ते बाजूला सारायचं तर पुरावा त्याहून भक्कम हवा.

माझं तर असंही ठाम मत आहे की मराठी हा जुना अर्थ विसरलेलीच नाही. माणसाची पारख आपण पायावरूनच करतो. नव्या सुनेचा पायगुण बघतो. कुणाचं वाकडं पाऊल पडतं, कुणाचा पाय घसरतो, कुणी पायरी सोडून बोलतो. आमच्या ओळखीच्या संस्कृतच्या एका सरांनी ही निव्वळ रूपकं आहेत, चरित्राशी संबंध नाही, असं सांगून विषय मिटवला. पण मग शील सांगायला हात, डोळा, कान सोडून भाषा पुन्हा पुन्हा पायाकडेच का जाते, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

म्हणून बॅकस्टोरी लिहिताना आपलं पात्र इथपर्यंत कोणत्या पायांनी आलं, ते लिहा. कुठून निघालं, का निघालं, वाटेत काय तुटलं, मागे जिवंत कोण उरलं. पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नवख्या, पात्राने आधीच तीन ड्रॅगन मारलेले असले तर खेळायचं काय उरलं? भाच्याने चार पानं लिहिली होती, त्यांत आजोबांपासूनच्या लढाया. मी त्यातली एकच ओळ ठेवायला लावली: बहिणीचं कर्ज फेडायला निघाला आणि पैसे वाटेत हरवले.

बॅकस्टोरीला शब्द राहिलाच. 'पूर्ववृत्त' चालेल. पण माझी पसंती महानुभावांच्या शब्दाला. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामी एकटे फिरत होते त्या काळातल्या लीळांचा भाग वेगळा काढलाय, त्याचं नाव 'एकांक'. तुमची पात्रं पहिल्या रविवारी एकमेकांना भेटतात, त्याआधी प्रत्येक जण एकटाच चालत आलेला असतो. त्याचा तो एकांक. एकांकिकेशी गल्लत होईल असं कुणी म्हणेलच, पण एकांकिकेला आपण एकांक म्हणत नाही. येत्या रविवारी परातीभोवती बसाल तेव्हा एकमेकांना विचारून बघा, "तुझा एकांक आणलास का?"