वाचकांचे प्रश्न : सौर बंब, हीट पंप आणि आपली इमारत

प्रश्न : घोडबंदर रोडवरील आमच्या सात मजली सोसायटीत बिल्डरने बसवून दिलेली सौर बंबांची यंत्रणा आहे. सुरुवातीला सर्वांना कढत पाणी मिळत असे. आता वरच्या दोन मजल्यांवर कोमट आणि तिसऱ्या मजल्याखाली चक्क थंड पाणी येते. यंत्रणा भंगारात काढून त्या जागी वीजनिर्मितीची सौर पॅनेल बसवावीत, असा ठराव काही सभासद आणू पाहत आहेत. तो योग्य ठरेल काय?
– सोसायटीचे सचिव, ठाणे (पश्चिम)

उत्तर : ठराव मांडण्यापूर्वी एखाद्या निरभ्र दिवशी दुपारी चारच्या सुमारास गच्चीवरील टाकीतल्या पाण्याचे तापमान मोजून घ्यावे. ते ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक भरले, तर सूर्य आणि बंब आपापले काम चोख करत आहेत आणि दोष नळजोडणीत आहे, असे समजण्यास हरकत नाही. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून मला हीच शक्यता अधिक वाटते.

यात दोन गोष्टी तपासाव्या लागतील. पहिली म्हणजे पाइपात रात्रभर साचून राहणारे पाणी. २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या एक मीटर पाइपात सुमारे अर्धा लिटर पाणी मावते, त्यामुळे टाकीपासून तीस मीटर खाली असलेल्या घरात गरम पाणी पोहोचण्यापूर्वी पंधरा लिटर गार पाणी वाहून जाते. आणि पाइपावरचे उष्णतारोधक आवरण उन्हापावसाने फाटले असेल, तर मागून येणारे पाणीही वाटेतच निवते. यावरचा उपाय म्हणजे तळमजल्यापासून टाकीपर्यंत परतीची एक वाहिनी टाकून तिच्यावर लहान पंप बसवणे आणि तो टायमरने फक्त सकाळच्या अंघोळीच्या वेळेत चालवणे.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. घरांचे नूतनीकरण करताना बसवलेल्या मिक्सर नळांतून, गार आणि गरम वाहिन्यांच्या दाबात फरक असल्यास, गार पाणी गरम वाहिनीत शिरते. नळाच्या तोंडाशी शॉवर किंवा स्प्रे लावून तो तेवढा बंद केला आणि मुख्य नळ उघडाच ठेवला, तर हे हमखास घडते. अशी तीन-चार घरे असली, तरी त्या उभ्या वाहिनीवरील सर्वांचे पाणी कोमट होऊ शकते. प्रत्येक घराच्या गरम जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारी झडप बसवणे, हा यंत्रणा बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. (हे काम प्लंबरचे आहे, सौर बंबाच्या विक्रेत्याला बोलावले, तर तो नवा बंबच सुचवील.)

टाकीतच पाणी तापत नसेल, तर मात्र चौकशी निराळी. आपल्याकडे टँकरचे पाणी येत असेल आणि ते बोअरवेलचे असेल, तर त्यातील क्षारांचा थर तांब्याच्या नळ्यांत बसून अभिसरण थांबते. दक्षिणेला नवा टॉवर उभा राहिला असल्यास सावलीही पाहावी. ठाण्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य भर मध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर असतो. म्हणजे आपल्या गच्चीहून चाळीस मीटर उंच असलेल्या इमारतीची सावली त्या वेळी गच्चीवर सदतीस मीटरपर्यंत पोहोचते, आणि गरम पाणी सर्वाधिक हवे असते तेही याच दिवसांत.

आता वीजनिर्मितीविषयी. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे चार युनिट उष्णता लागते. सौर बंब ती गच्चीच्या साधारण तीन चौरस मीटर जागेत देतो. तेवढ्याच जागेतील वीज पॅनेलपासून दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास वीज मिळते, आणि साध्या गीझरला ती अगदीच अपुरी आहे. सभासदांचा विचार पॅनेलवर गीझर चालवण्याचा असेल, तर तो सोडून द्यावा. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांच्यासाठी वीज हवी असेल, तर उरलेल्या जागेत पॅनेल जरूर बसवावीत. त्यासाठी चालू बंब उपटण्याचे कारण दिसत नाही.

प्रश्न : वाशीत आमचे चाळीस खोल्यांचे लॉजिंग आहे. गच्चीचा बराच भाग जनरेटर आणि एसीच्या युनिटांनी व्यापला आहे. सौर बंब परवडेल की हीट पंप?
– एक व्यावसायिक, नवी मुंबई

उत्तर : प्रति खोली शंभर लिटर धरल्यास रोज चार हजार लिटर पाणी लागेल. सौर बंबांसाठी सुमारे १२० चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते. आपल्याकडे ती नाही, म्हणून हीट पंप. तो हवेतील उष्णता खेचून पाण्यात सोडतो. आपल्या किनारपट्टीची उबदार, दमट हवा त्याला मानवते, आणि एक युनिट विजेत तो साधारण तीन युनिट उष्णता देतो. थेट विजेवर पाणी तापवायला रोज १६० हून अधिक युनिट लागतील, तिथे हीट पंपाला पन्नास-पंचावन्न पुरतील. पावसाळ्यातही तो थांबत नाही.

टाकीचे तापमान ६० अंशांच्या खाली ठेवून वीज वाचवण्याचा मोह टाळावा, कारण कोमट साठ्यात लेजिओनेला हा न्यूमोनियासारखा आजार घडवणारा जिवाणू वाढू शकतो. यंत्र बंदिस्त खोलीत ठेवू नये. ते बाहेर टाकत असलेली गार हवा तिथेच घोटाळली, तर त्याची कार्यक्षमता घसरते. ती हवा वाहिनीने स्वयंपाकघरात किंवा लॉन्ड्रीत सोडल्यास तेथील उकाडाही कमी होतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेचा विचार करता गंजरोधक लेप असलेली कॉइल आग्रहाने मागून घ्यावी.

प्रश्न : नेरूळमधील आमच्या रो-हाउससाठी काचेच्या नळ्यांचा बंब घ्यावा की सपाट पट्ट्यांचा?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : पाणी महापालिकेचेच, म्हणजे मोरबे धरणातून येणारे, कमी क्षारांचे असेल, तर दोन्ही चालतील, आणि काचेच्या नळ्यांचा बंब स्वस्त पडेल. मात्र तो प्रेशर पंपाला थेट जोडू नये, आणि नळ्या रिकाम्या पडल्या असल्यास भर दुपारी त्यांत गार पाणी सोडू नये. तापलेली काच तडकते. बंबाचे पाणी गीझरच्या आत जाणाऱ्या तोटीला जोडून घ्यावे, म्हणजे ढगाळ दिवशी उरलेले तापवण्याचे काम गीझरचा थर्मोस्टॅट आपोआप करील.

प्रश्न : सूर्यघर योजनेतून सौर बंबाला अनुदान मिळते काय?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना छतावरील वीजनिर्मितीसाठी आहे. सौर बंबांवरील केंद्राचे भांडवली अनुदान २०१४ मध्येच बंद झाले, तेव्हा कोणी त्या नावाने सवलत देऊ करत असेल, तर ती कोणत्या आदेशान्वये आहे, हे लेखी मागावे.