आईसमोर बाबांचा विषय काढावा का?

"बाबांचं नाव काढलं की आईचे डोळे भरून येतात, म्हणून आम्ही विषयच काढत नाही. बरोबर करतोय ना?" घरातलं मोठं माणूस गेल्यावर काही महिन्यांनी मुलं-सुना हा प्रश्न घेऊन येतात. त्यातल्याच एका घराची ही हकीकत. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

वडील एसटीत कंडक्टर होते. वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. मुलाने त्यांची खुर्ची माळ्यावर टाकली, कपडे देऊन टाकले आणि नातवाला बजावलं, "आजीसमोर आजोबांचं काही बोलायचं नाही." सगळं प्रेमापोटीच. आई मात्र गप्प होत गेली, जेवण कमी झालं, म्हणून तिला माझ्याकडे आणलं.

झोप, वजन, औषधं विचारून घेतली. धोक्याचं काही दिसलं नाही. मग मुलाला बाहेर बसवून म्हटलं, "आजी, कसे होते हो ते?" त्या रडल्या. "घरात ह्यांचं नाव कुणी घेईना. जसे काही हे कधी नव्हतेच." मग थांबेचनात. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, दिवाळीला ड्युटी, सणाला हे घरात नाहीतच. चिल्लरचा हिशोब जुळला नाही की राग निघायचा भाजीवर! हे सांगताना चक्क हसल्या. फोटोला हार घातला की कुणीही देवमाणूस होऊन बसतो. बायकोला आठवतो तो चिडका, हिशोबी, आपला माणूस, आणि त्याच्याबद्दल ऐकून घेणारं घरात कुणीतरी लागतं.

दुःखाच्या ठरलेल्या पायऱ्या असतात, असं अनेकांना वाटतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये वेगळी मांडणी केली. माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत असतो, कधी समोरच्या संसारात, आणि या ये-जा करण्यातूनच तो सावरतो. इथे एक वाट घरच्यांनीच बंद केली होती.

रडण्याला भिऊ नका. मात्र सहा महिने उलटूनही तळमळ जराही ओसरत नसेल, रोजचं जगणंच ठप्प असेल, तर मदत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही अशा लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. जेवण तुटलं किंवा 'मलाही जायचंय' अशी भाषा आली, तर थांबूच नका. मानसोपचारतज्ज्ञ गाठा, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा.

पुढच्या भेटीला सगळे एकत्र बसले. नातू विचारत होता, आजोबा तिकिटाच्या पेटीवर चिमटा कसा वाजवायचे? आजी टेबलावर वाजवून दाखवत होत्या, आणि ढसाढसा रडला तो मुलगा. हा विषय आईपेक्षा त्यालाच झेपत नव्हता. "रड की रे," आजी म्हणाल्या.

अजूनही आजोबांच्या गोष्टी निघाल्या की तो मधूनच उठून गॅलरीत जातो, असं सून सांगते. जाऊ दे त्याला, म्हटलं. पण त्याच्यासाठी बोलणं थांबवू नका.