माणूस पैशांचा निर्णय घेताना खरंच फक्त स्वतःचाच फायदा बघतो का?

नाही. आणि हे प्रयोगांतून दिसलंय.

१९८२ मध्ये अर्थतज्ज्ञ वेर्नर ग्यूट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत एक साधा खेळ मांडला. समजा, तुम्हाला १०० रुपये मिळाले. त्यातले किती समोरच्या अनोळखी माणसाला द्यायचे ते तुम्ही ठरवायचं. त्याने नकार दिला तर दोघांच्याही हाती काहीच नाही. निव्वळ स्वार्थाच्या हिशेबाने १ रुपयाही त्याने मुकाट घ्यायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक जण ४०-५० रुपये देऊ करतात, आणि २० च्या खालचा देकार पुष्कळजण झिडकारतात. पदरचं नुकसान सोसून!

नकाराची भीती म्हणून देत असतील, ही शंका रास्त आहे. म्हणून नंतरच्या एका खेळात नकाराचा अधिकारच काढून टाकला. वाटा घटला, पण शून्यावर आला नाही. असंख्य प्रयोगांची सरासरी साधारण २८ टक्के निघते.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मानवशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांच्या गटाची १५ छोट्या समाजांमधली पाहणी. तिथे त्यांनी तोच पहिला, नकाराची मुभा असलेला खेळ मांडला. पेरूतले माचिगेंगा लोक कुटुंबापुरती जमीन कसून खाणारे. त्यांचा देकार सरासरी २६ टक्के. इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे लोक एकत्र नावा काढून देवमासा मारतात, मांस ठरल्या रीतीने वाटतात. त्यांचा देकार निम्म्याहून जास्त. आपल्याकडे सावड करणाऱ्या शेतकऱ्याला याचं नवल वाटणार नाही. आज तुमच्या रानात, उद्या माझ्या.