रोज सकाळी कोरड्या ओकाऱ्या येतात, बाहेर काहीच पडत नाही. उलटीची गोळी रोज घेतली तर चालेल का?

रोज नको. मी नागपुरात औषधांचं दुकान चालवतो, फार्मासिस्ट आहे. तुम्ही लिहिलंय की उठल्याबरोबर चहा, मग खर्रा आणि मग ओकाऱ्या. तुमच्या या क्रमातच मला बरंचसं कारण दिसतं.

खर्ऱ्यातल्या तंबाखूचं निकोटीन गालातून थेट रक्तात जातं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र चेतवतं. मग पोटाचे स्नायू जोर लावतात, पण रात्रभरच्या उपाशी पोटात आम्लाशिवाय असतं काय? म्हणून नुसतीच उबळ येते. त्यात कडक चहाने आम्ल आणखी वाढतं. उपाशीपोटी घेतलेली पेनकिलर, लोहाची गोळी, शुगरची मेटफॉर्मिन यांनीही असंच होतं, तेव्हा तुमची औषधं एकदा तपासा. रात्री उशिरा सावजी खाऊन लगेच आडवं होत असाल तर तेही थांबवा. झोपण्याआधी दोन-तीन तास काही खाऊ नका.

उद्यापासून आधी कोमट पाणी, दोन घास कोरडी पोळी किंवा मुरमुरे, मग चहा. खर्रा सोडाच. एकट्याने जमत नसेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. लाजू नका, फोन कराच.

ओकारी आलीच तर लगेच ग्लासभर पाणी पिऊ नका, ते परत येतं. दहा-पंधरा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आल्याचा छोटा तुकडा चघळला तरी बऱ्याच जणांना बरं वाटतं.

नवतप्यात उन्हातून आल्यावर मळमळ, डोकेदुखी झाली तर ते वेगळं. सावलीत बसा, अंग ओलं करा. माणूस बरळायला लागला किंवा अंग तापून बेशुद्ध होत असेल तर १०८ ला फोन करा. मळमळीबरोबर छातीत दाब आणि घाम आला तरीही तेच, शुगरवाल्यांनी तर याला ॲसिडिटी समजून घरी बसूच नये.

उलटीत रक्त, काळी शौच, वजन उतरणं, दिवसभर लघवीच न होणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. घरात बाईला असा त्रास होत असेल आणि पाळी चुकली असेल तर आधी गर्भचाचणी करा, गोळी नंतर. आणि वर सांगितलेलं करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.